पंचविसाव्या हिश्श्याची मालमोटार

दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातील मुले अंगणात दगडमातीचे किल्ले रचतात. डोंगरउतारावर आळीव नि मोहरी पेरून हिरवळ उगवली जाते, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे होते, आणि मग बाजारातून आणलेली मातीची चित्रे जागोजागी बसविली जातात. सिंहासनावर आरूढ झालेले महाराज महादरवाजाच्या दुप्पट उंच असतात, तोफेच्या तोंडात अख्खा मावळा मावेल, आणि झाडीतला वाघ बुरुजाएवढा असतो. या विसंगतीबद्दल आजवर कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. किल्ला हा भक्तीचा आणि हौसेचा विषय आहे, मोजमापाचा नव्हे. जो मोठा तो मोठा दिसला पाहिजे, हा बालमनाचा न्याय त्यात चालतो.

परंतु याच मुलांपैकी एखादा मोठा होतो आणि एके दिवशी त्याला त्या दरवाजाचा सल वाटू लागतो. माणूस एवढा, तर दार केवढे, हा प्रश्न एकदा मनात शिरला की तो सहजासहजी बाहेर पडत नाही. जगात ठिकठिकाणी अशी काही प्रौढ माणसे आहेत, की जी कचेरीचे वा कारखान्याचे काम आटोपून रात्री दिव्याखाली बसतात आणि हातभर लांबीची मालमोटार तयार करतात. खेळणे म्हणून नव्हे; ती चालवायची नसते, पोराबाळांच्या हाती द्यायची नसते. रस्त्यावरून जाणाऱ्या एका विशिष्ट मालमोटारीची ती तंतोतंत प्रतिकृती असते, अथवा तशी असावी असा त्या माणसाचा अट्टहास असतो. या छंदाचा सारा डोलारा एका शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द म्हणजे प्रमाण.

प्रमाण म्हणजे मूळ वस्तूच्या किती हिश्श्याची प्रतिकृती. मालमोटारींच्या बाबतीत सर्वांत रुळलेली प्रमाणे दोन : एकास चोवीस आणि एकास पंचवीस. पहिले फूट-इंचांच्या जगातले आहे. अर्ध्या इंचाला एक फूट धरले की चोवीस येतात. आठ मीटर लांबीची मालमोटार पंचविसाव्या हिश्श्याला बत्तीस सेंटिमीटर भरते, तिचे मीटरभर उंचीचे चाक चार सेंटिमीटरचे होते आणि तिचा साडेपाच फुटी चालक साडेसहा-पावणेसात सेंटिमीटरचा. ज्यांच्या घरी जागा बेताची, ते सत्त्याऐंशीव्या हिश्श्याकडे वळतात. हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण त्याचे मूळ खेळण्यांच्या आगगाडीत आहे. साडेतीन मिलिमीटरला एक फूट, असे आगगाडीवाल्यांचे एक माप ठरून गेले. त्याच्या दुप्पट, म्हणजे सात मिलिमीटरला फूट धरले की त्रेचाळिसावा हिस्सा होतो. रुळांशेजारी रस्ता आला, रस्त्यावर मोटारी आल्या, आणि त्या मोटारींनी आगगाडीचेच माप निमूटपणे पत्करले.

इंग्लंडात लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३३ च्या अखेरीस सहा लहान धातूची वाहने बाजारात आणली, ती अशीच हॉर्नबी आगगाड्यांच्या स्टेशनांत शोभेला ठेवण्यासाठी. त्या पहिल्या सहांत एक मालमोटार होती आणि एक माल पोचविणारी बंद गाडीही होती. पुढच्याच वर्षी त्यांना डिंकी हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या लेस्नी कंपनीतील जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत असा दंडक होता, की काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे घेऊन यावे. ओडेल यांनी तिच्यासाठी पितळेचा एक इवलासा रोडरोलर तयार केला. त्यातून १९५३ साली 'मॅचबॉक्स' मालिका निघाली, आणि तिच्या आरंभीच्या वाहनांत रोडरोलर, डंपर आणि सिमेंट कालविण्याचे यंत्र, अशी सारी राबणारी मंडळी होती. ऐटबाज मोटारी मागाहून आल्या. भारतातही डिंकीचे जुने साचे आणून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कलकत्त्यास 'निकी' या नावाने त्या गाड्या ओतल्या जात. परंतु ही सारी तयार खेळणी होती. ज्याला स्वतः काही करावयाचे आहे त्याच्या वाट्याला त्यांत फारसे काम नव्हते.

ते काम अमेरिकेतून आले, आणि आले तेही वाकड्या वाटेने. तेथील मोटारविक्रेत्यांना दुकानात ठेवण्यासाठी व गिऱ्हाइकांना देण्यासाठी नव्या मोटारींच्या लहान प्रतिकृती लागत. १९४८ साली स्थापन झालेली एएमटी ही कंपनी त्या पुरवी. तिच्या नावातील पहिले अक्षर ॲल्युमिनियमचे, कारण तिची पहिली प्रतिकृती त्या धातूची होती. पुढे प्लास्टिक आले. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की तयार मोटार देण्याऐवजी तिचे सुटे भाग पेटीत घालून विकले तर जोडणीचा आनंदही विकता येईल. १९५८ साली या कंपनीने एका पेटीत तीन मोटारी, अशी योजना काढली. म्हणजे मोटार एकच, पण भाग जादा. त्यांतून कारखान्यातून निघते तशी, मालकाच्या लहरीप्रमाणे सजविलेली, किंवा शर्यतीची, यांपैकी हवी ती करावी. मूळ नमुन्यात आपल्या पसंतीने बदल करण्याची जी गोडी या छंदाला लागली, तिचा उगम बऱ्याच अंशी या पेटीत आहे. १९७० च्या आगेमागे त्याच कंपनीने लांब नाकाच्या 'पीटरबिल्ट ३५९' या मालमोटारीची पेटी काढली, आणि तोवर मोटारींत रमलेल्या लोकांपुढे एक नवे दालन उघडले. गंमत अशी की काड्यापेटीवाल्या लेस्नीनेच १९७८ साली ही कंपनी विकत घेतली, आणि चार वर्षांत लेस्नीचेच दिवाळे निघाले. साचे मात्र टिकले. धनी बदलले तरी त्याच साच्यांतून निघालेल्या मालमोटारी पुन्हा पुन्हा बाजारात येत राहिल्या आहेत.

पेटी उघडली की आत काय असते? प्लास्टिकच्या चौकटींत लटकलेले शंभर-दोनशे भाग, रबराची चाके, पाण्यात भिजवून उतरवावयाची चित्रे आणि एक सूचनापत्र. भाग चौकटीतून ओरबाडून काढावयाचा नाही. चिमट्याने तोडावयाचा आणि राहिलेला खुंट पॉलिशपेपरने घासावयाचा. जोडण्यासाठी वापरला जाणारा पदार्थ वास्तविक डिंकच नव्हे. तो प्लास्टिकचे दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवितो, आणि तो उडून गेला की ते दोन भाग एकजीव होतात. म्हणूनच चूक झाली तर ती उकलत नाही. प्रथम सांगाडा, मग कमानपाटे, आस, इंजिन, आणि सर्वांत शेवटी केबिन, हा क्रम खऱ्या कारखान्यातलाच. शिकाऊ माणूस नेमका केबिनपासून प्रारंभ करतो, कारण ती दिसायला सुरेख असते; आणि नंतर इंजिन आत जात नाही म्हणून हळहळतो.

येथवरचे काम चिकाटीचे आहे. खरा कस पुढे लागतो, आणि तो लागतो मोजमापातील एका अडचणीमुळे. वस्तू लहान करता येते, पण तिचे सारेच गुण एकाच हिशेबाने लहान होत नाहीत. खऱ्या मालमोटारीच्या मडगार्डाचा पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाड धरला, तर पंचविसाव्या हिश्श्याला तो मिलिमीटरच्या शंभरांतील चार भागांएवढाच हवा. इतके पातळ प्लास्टिक साच्यात ओतता येत नाही. ते निदान मिलिमीटरभर लागते. म्हणजे पेटीतील मडगार्ड खऱ्या मापात पंचवीस मिलिमीटर, पुरते इंचभर जाड झाले! असे मडगार्ड रणगाड्याला शोभेल. पाहणाऱ्याला हे आकडे ठाऊक नसतात, तरीही त्याच्या डोळ्यांना काहीतरी खटकते, आणि तो म्हणतो, "छान आहे, पण खेळण्यासारखी वाटते." जाणता कारागीर ही जाड कड आतल्या बाजूने घासून घासून कागदासारखी करतो. सारे मडगार्ड पातळ करण्याची गरज नसते. जेथे कड दिसते तेवढी पातळ केली की उरलेले पाहणाऱ्याचे मन आपोआप पातळ करून घेते. ज्याला एवढ्यानेही समाधान नसते तो थंड पेयाच्या डब्याचा पत्रा किंवा पोळ्या गुंडाळण्याची ॲल्युमिनियमची पन्नी वापरतो. जगातील बाजारात या कामासाठी बारीक कोरलेले पितळी भाग मिळतात हे खरे, पण स्वयंपाकघरातील पन्नी त्यांना हार जात नाही.

वजनाची गोष्ट याहून मौजेची. लांबी पंचवीस पटींनी घटली की क्षेत्र सहाशे पंचवीस पटींनी आणि वजन पंधरा हजार सहाशे पंचवीस पटींनी घटते. सोळा टनांची भरलेली मालमोटार या न्यायाने अवघी एक किलोची झाली पाहिजे. आणि पेटीतील प्लास्टिकची मालमोटार एवढीही भरत नाही. परिणाम असा की ती टेबलावर ठेवली म्हणजे बसत नाही, नुसती टेकते. खरी मालमोटार पाहा : ऊस किंवा सिमेंट भरले की मागचे कमानपाटे सपाट होतात, टायर जमिनीशी पसरट होतो, मागला भाग किंचित दबून नाक वर होते. हा भार रंगाने दाखविता येत नाही. कारागीर टायरचा तळ घासून सपाट करतो, कमानपाटे गरम पाण्यात मऊ करून वाकवितो, मागील आस दीड-दोन मिलिमीटर वर घेतो. एवढ्याने एकाएकी त्या पोकळ वस्तूत माल भरल्याचा भास होतो. या छंदात ज्याला हात बसला म्हणतात त्याची परीक्षा चकाकणाऱ्या रंगावरून करू नये. टायर जमिनीला कसा भेटला आहे ते पाहावे.

रंगाचेही असेच आहे. खऱ्या गाडीचा रंग आणून तोच प्रतिकृतीला फासला तर ती गडद दिसते. मोठी वस्तू लांबून पाहिली जाते आणि मधल्या हवेने तिचा रंग थोडा विटका होऊन डोळ्यांत येतो. लहान वस्तू हातात धरून पाहिली जाते. म्हणून मूळ रंगात पांढऱ्याचा अंश मिसळावा लागतो. खऱ्याची नक्कल करण्यासाठी खऱ्याहून थोडे दूर जावे लागते, हे नाट्यवेड्या महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको.

आता बदल करण्याच्या हौसेकडे वळावे. अमेरिकेतील लांब पल्ल्याचा चालक दिवसचे दिवस गाडीतच राहतो. तेव्हा सांगाडा लांबविणे, केबिनीमागे मोठी शयनखोली जोडणे, धुराड्याच्या नळ्या उंच व चकचकीत करणे, हे तेथील खऱ्या रस्त्यावरचे बदल प्रतिकृतींतही उतरले. तेथील छांदिष्ट दोन पेट्या विकत घेतो, एकीचे इंजिन दुसरीत घालतो, दोन सांगाडे कापून एक करतो, आणि उरलेले सुटे भाग डब्यात जपून ठेवतो. या डब्याची त्याला जेवढी ममता, तेवढी तयार झालेल्या गाडीची नसते, असे त्या लोकांच्या घरची माणसे सांगतात.

जपानात ही हौस वेगळ्याच थाटाची आहे. तेथे मासळी वाहून नेणाऱ्या मालमोटारींना असंख्य दिवे, चकाकत्या पोलादी कमानी आणि लाटा, ड्रॅगन, योद्धे यांची चित्रे यांनी मढविण्याचा प्रघात पडला. सजावट आणि मालमोटार हे दोन शब्द जोडून तिला 'देकोतोरा' म्हणतात. १९७५ ते १९७९ या काळात तोएई चित्रसंस्थेने अशा मालमोटारवाल्यांवर एकापाठोपाठ दहा चित्रपट काढले, आणि ही लाट देशभर पसरली. शिझुओका शहर हे लाकूडकामाचे जुने माहेरघर. लाकडी खेळणी आणि लाकडी विमाने करणाऱ्या तेथील कारखान्यांनी युद्धानंतर प्लास्टिकची कास धरली. त्याच शहरातील आओशिमा कंपनी बत्तिसाव्या हिश्श्याच्या देकोतोरांच्या पेट्या काढते. त्या पेटीत चकाकणाऱ्या भागांचीच चळत इतकी असते की मालमोटार शोधावी लागते! तरीही हौशी मंडळींना ती अपुरी वाटते. ते केसासारख्या तारा आतून फिरवून प्रत्येक कंदिलात खरा दिवा लावतात. भारतीय प्रेक्षकाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. पंजाबकडून येणारी मालमोटार आणि ही, यांचे नाते चटकन ओळखू येते.

शिझुओकातीलच तामिया कंपनीने १९९३ पासून चौदाव्या हिश्श्याच्या, विजेवर चालणाऱ्या आणि दुरून हाकता येणाऱ्या मालमोटारी काढल्या. त्यांत गिअरसुद्धा बदलता येतात. जर्मनीत फालर कंपनीने १९८९ साली रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तार पुरून आणि गाडीच्या पुढल्या चाकांच्या दांडीला लोहचुंबक लावून सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या गाड्या वळणावर वळविल्या. हँबुर्ग येथे २००१ साली उघडलेल्या विख्यात लघुनगरीत याच तत्त्वावर शेकडो वाहने धावतात. पण चालणारी गाडी आली की लोक तिचे चालणे पाहतात, तिला पाहत नाहीत. म्हणून स्थिर गाडीचा भक्त त्या वाटेला सहसा जात नाही.

भारतीय मालमोटारीची पेटी मात्र या साऱ्या कंपन्यांच्या यादीत शोधून सापडत नाही. दिल्लीच्या सेंटी टॉईजने काढलेली 'पब्लिक ट्रक' ही प्लास्टिकची गाडी देशभर मुलांच्या हाती दिसते आणि ती ओळखीची वाटते हे तिचे श्रेय आहे. परंतु ती खेळणे आहे. जोडणीची पेटी न निघण्याचे कारण निव्वळ गिऱ्हाईक नाही एवढेच नव्हे. भारतीय मालमोटारीचा एक नमुना असा कधी नव्हताच. टाटांनी डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ साली जमशेदपूर येथे मालमोटारी बांधावयास आरंभ केला. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून डॉज आणि फार्गो निघत. १९५५ नंतर मद्रासजवळच्या एन्नोरहून अशोक लेलँड येऊ लागली. पण कारखान्यातून निघे ती बहुधा चाके, इंजिन, सांगाडा आणि पुढचा मुखवटा एवढीच. उघड्या सांगाड्यावर एखादी पेटी टाकून, डोळ्यांना चष्मा नि डोक्याला फडके बांधून, ऊनपाऊस झेलीत शेकडो मैल तो नेणारे चालक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते चित्र विसरता येणार नाही. मग सिरहिंदला, नामक्कलला किंवा आपल्याच जिल्ह्याच्या गावी एखाद्या सुताराच्या नि लोहाराच्या हाती तो सांगाडा जाई. केबिन, हौदा, फाळके, वरची टोपी, सारे त्यांच्या हातचे. एकाची केबिन दुसरीसारखी नाही, एकाच्या फाळक्याची पट्टी दुसऱ्याच्या फाळक्याला लागत नाही. अमेरिकेत ज्याला बदल म्हणतात तो येथे मुळारंभच होता. अशा वस्तूचा साचा करावयाचा तो कोणत्या गाडीचा?

त्यामुळे येथील कारागिराला पेटीचा आधार नाही आणि सबबही नाही. केरळात व तमिळनाडूत तरुण मुलांनी फोमच्या पांढऱ्या तक्त्यांतून बसगाड्या आणि लॉऱ्या घडविण्याचे मोठे कौशल्य मिळविले आहे, महाराष्ट्रातही एस.टी.च्या लाल गाड्या अशाच रीतीने सनबोर्डमधून कापून करणारी मंडळी आहेत. ही माणसे प्रथम गाडीपाशी जातात. पेट्रोलपंपावर, अडत बाजाराच्या फाटकाशी, टोलनाक्याजवळच्या धाब्यावर उभ्या गाडीला टेप लावणारा माणूस पाहून चालकाला पहिला संशय येतो तो परिवहन खात्याचा. खुलासा झाला की तोच चालक दुसरे टोक धरतो, आणि दहा मिनिटांत किन्नर फाळक्याचे खिळे मोजून देतो. या भेटीत जे कळते ते कोणत्याही पुस्तकात मिळत नाही : हौद्याच्या तळाच्या फळ्या आडव्या की उभ्या, ताडपत्रीची दोरी कोणत्या कडीतून कोणत्या कडीत जाते, केबिनीच्या मागच्या बाकावर वळकटी कोठे असते आणि देवाचे चित्र कोठे.

घरी आल्यावर जी सामग्री लागते ती ऐकून दुकानदार हसेल. हौद्याच्या फळ्यांना आइस्क्रीमच्या काड्या, इंधनाच्या नळीला बॉलपेनची रिकामी कांडी, मागच्या लाल खुणांना बारीक टिकल्या. ताडपत्रीला कापड चालत नाही, कारण त्याची वीण पंचवीस पटींनी मोठी दिसते आणि ताडपत्रीऐवजी जाळे पांघरल्यासारखे वाटते; पातळ कागद पाण्यात कालवलेल्या डिंकात भिजवून मालावर पसरावा लागतो, आणि तो वाळण्यापूर्वी दोरीचे ओढ पाडून घ्यावे लागतात. गंजासाठी गेरूची पूड. गेरूचा रंग आणि गंजाचा रंग एकच, कारण दोन्ही ठिकाणी लोखंडाचाच खेळ आहे. तेव्हा येथे नक्कल उरतच नाही, गंजाला गंजच लागतो.

परंतु सामग्रीहून अवघड भाग आहे तो तारखांचा. टाटांचा डाइमलर-बेंझशी असलेला करार १९६९ साली संपला आणि गाडीच्या तोंडावरील तीन टोकांचा तारा जाऊन इंग्रजी टी हे अक्षर आले. १९३९ च्या मोटार कायद्यात मालमोटारींचे सार्वजनिक व खाजगी असे भेद होते, म्हणून केबिनीच्या माथ्यावर 'पब्लिक कॅरियर' ही अक्षरे असत. १९८८ च्या कायद्याने तो भेद काढून टाकला. नंबराच्या पाटीवर राज्याचे नि जिल्ह्याचे आजचे संकेत १९८९ च्या नियमांनंतरचे. त्यापूर्वी तीन अक्षरे आणि चार आकडे. मागील फाळक्यावरील 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे लिहिण्यास महाराष्ट्र सरकारने २०१५ साली मनाई केली. एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाडीला कारखान्यातूनच ठरीव सुरक्षित पाटी येते. आता यांतून एक न्याय निघतो, आणि नवखे लोक तेथेच फसतात. जुन्या गाडीवर नवे लिखाण असू शकते, कारण गाडी वीस वर्षे धावते आणि पेंटर दर दोन वर्षांनी तिला भेटतो. परंतु नव्या गाडीवर जुने लिखाण असू शकत नाही. तारा असलेली गाडी १९९५ सालीही भाजीपाला वाहत असेल. तिला आजच्या तऱ्हेची पाटीही असेल, तारा मात्र अर्धा तुटलेला असेल. वातानुकूलित केबिन असलेल्या गाडीवर 'पब्लिक कॅरियर' लिहिणारा कारागीर कितीही कुशल असो, त्याने गाडी पाहिली नाही, सजावट पाहिली आहे.

मळवण्याच्या कामातही हीच दृष्टी लागते. नवी कोरी रंगविलेली मालमोटार मळवावयास हात धजत नाही, आणि एकदा धजला की आवरत नाही. धूळ सर्वत्र सारखी फासली की ती धूळ राहत नाही, रोग होतो. काच पुसणाऱ्या हाताच्या कमानीएवढाच काचेचा भाग स्वच्छ असतो. दरवाजाची कडी हाताळून उजळलेली असते, तिच्याखालचा रंग उडालेला असतो. चालकाच्या बाजूची पायरी किन्नराच्या बाजूच्या पायरीसारखी झिजत नाही. चाकांच्या कोनाड्यातील चिखल पाहून गाडी कोठून आली ते कळले पाहिजे : कोकणातून घाट चढून आलेली तांबड्या मातीची, वऱ्हाडातून कापूस घेऊन आलेली काळ्या मातीची. जो दोन्हींना एकच तपकिरी रंग लावतो त्याने महाराष्ट्राचा नकाशा एकदा पाहून घ्यावा.

हे सारे कशासाठी, असे विचारणारे विचारतात, आणि त्यांचे चुकते असे नाही. एका गाडीला तीन-चार महिन्यांच्या संध्याकाळी जातात. एवढ्या वेळात संस्कृतचे एखादे नाटक वाचून होईल. पण आगगाडीचे इंजिन निवृत्त झाले की त्याला स्टेशनाबाहेर चौथरा मिळतो. पुण्यात तर लहान आगगाड्यांचे स्वतंत्र संग्रहालयच १९९८ पासून आहे. मालमोटार निवृत्त झाली की तिला गॅसची ज्योत मिळते. एक दिवस भंगारवाल्याच्या आवारात तिचे चार तुकडे होतात, लाकूड जळणाला जाते, आणि फाळक्यावर ज्या पेंटरने मोर काढला होता त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे देशव्यापी धोरण २०२१ साली जाहीर झाले. धूर आणि अपघात पाहता ते योग्यच आहे. मोडक्या ब्रेकांच्या गाडीवर कविता करणाऱ्याने ती घाटात चालवून पाहावी. मोठ्या मालमोटारींना १ ऑक्टोबर २०२५ पासून वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे तर ज्यांनी जूनच्या उन्हात इंजिनशेजारी बारा-बारा तास काढले त्यांचे ऋण उशिरा का होईना फेडल्यासारखे आहे. पण याचाच अर्थ असा की सुताराच्या हातची लाकडी केबिन, तिची उघडी खिडकी, तीतून बाहेर टेकलेला कोपर, आणि त्या कोपराने झिजलेली खिडकीची कड, हे एका पिढीत पाहावयास मिळणार नाही. त्या सुतारांनी आराखडे काढले नव्हते. मापे त्यांच्या हातांत होती. आज एखाद्याने बत्तीस सेंटिमीटरच्या गाडीवर ती कड अचूक झिजविली, तर तेवढीच नोंद राहते.

बहुतेक कारागीर प्रतिकृतीत माणूस बसवीत नाहीत. साडेसहा सेंटिमीटरच्या माणसाचा चेहरा कितीही रंगविला तरी तो बाहुला दिसतो आणि साऱ्या गाडीला बाहुली करून टाकतो. त्याऐवजी ते त्याच्या खुणा ठेवतात : आसनावर दुमडलेला टॉवेल, पाण्याचा कॅन, दर्शनी काचेमागे कागदपत्रांची पिशवी, पायरीजवळ काढून ठेवलेल्या चपला. चालक चहाला गेला आहे, आत्ता येईल, असे वाटावे एवढेच त्यांना हवे असते.

आणि सर्वांत शेवटी पुढच्या बंपरखाली लिंबू-मिरची टांगली जाते. चार सेंटिमीटरचे लिंबू पंचविसाव्या हिश्श्याला दीड मिलिमीटरचे होते. हे माप, आणि रंगही, पिवळ्या मोहरीच्या दाण्याचा आहे. मिरच्यांसाठी हिरव्या दोऱ्याचे अडीच मिलिमीटरचे सात तुकडे डिंकात बुडवून ताठ केले जातात. दाणा सुईने भोकताना पहिल्यांदा हमखास फुटतो, दुसऱ्यांदा उडून सतरंजीवर जातो. म्हणून अनुभवी माणसे मोहरी चिमूटभर घेऊन बसतात.